मुलांच्या कॅन्सरची लक्षणं पेपरात आणि रेडिओवर कशी आणायची? खान्देशातल्यांनी सांगा

पेपरवाला_बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी.

अमळनेरात माझी पेपरची एजन्सी आहे. पहाटे चारला जळगावहून गाडी येते. ओट्यावर गठ्ठे फोडायचे, पुरवण्या घालायच्या, मग सहा पोरं सहा लायनींवर निघतात आणि सातवी लाईन मी स्वतः टाकतो. वीस वर्षं झाली. प्रश्न छोटाच आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल.

२०१७ ची दिवाळी झाली, कापसाची वेचणी चालू होती, तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या पोरीला ताप येऊ लागला. औषध दिलं की उतरायचा, दोन दिवसांनी परत. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. सलाईन लावलं. पंधरा दिवसांनी पुन्हा ताप, पुन्हा टायफॉईड. मग रक्त कमी आहे म्हणून लाल टॉनिकची बाटली. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. माझी आई तेल लावून चोळायची आणि म्हणायची, वाढीचं अंग आहे, दुखणारच. संक्रांतीला नवा परकर घालताना बायकोला तिच्या मांडीवर निळे डाग दिसले. पडली नव्हती, कुणी हातही लावला नव्हता. घोट्याजवळ लाल बारीक ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे. बायको म्हणाली ढेकणं चावली असतील, आणि आम्ही गाद्या उन्हात टाकल्या.

शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, पोट दाबून पाहिलं, रक्त पुन्हा तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघा, टाटाला जा. चाळीसगावहून गाडी धरली. दादरला उतरेपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपली होती आणि तिचा श्वास माझ्या मानेला गरम लागत होता. ब्लड कॅन्सर निघाला. मुलांमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तोच, ए.एल.एल.

पहिल्या चार रात्री परळच्या फुटपाथवर काढल्या. मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, पुढे सेंट ज्यूडमध्ये खोली. अडीच वर्षं उपचार चालला. आज पोरगी तेरा वर्षांची आहे, आठवीत आहे, वर्षातून एकदा तपासणीला जाऊन येतो.

आता मुद्दा. ते अडीच महिने, ज्यात पोरगी टायफॉईडच्या नावाखाली वाळत चालली होती, त्यातल्या प्रत्येक पहाटे माझ्या हातात शेकडो पेपर होते. शिकलेला माणूस आहे, गठ्ठे फोडता फोडता वाचतोही. पण उतरत नसलेला ताप, पांढरं पडलेलं अंग, निळे डाग, रात्रीची हाडं दुखणं, मानेतल्या गाठी, हे पाच शब्द एका ओळीत कधी माझ्या नजरेला पडले नाहीत. पडायचं ते हे: ‘चिमुकलीची मृत्यूशी झुंज, मदतीचे आवाहन’. खाली टक्कल केलेल्या लेकराचा फोटो. आणि पुरवणीत ‘कॅन्सरवर खात्रीशीर इलाज, भेटा अमुक लॉजवर, दर गुरुवारी’. ती पत्रकं मी माझ्या हातानं पेपरात घातलेली आहेत, पैसे घेऊन. पोरीचं कळल्यापासून एकही घातलं नाही, पण आधीची गेली ती गेलीच.

आमचीही बातमी आली होती. बातमीदार ओळखीचाच. आम्ही मदत मागितली नव्हती, तरी छापून आली, फोटोसकट. उपचार संपवून पोरगी शाळेत गेली तेव्हा एका आईनं आपल्या मुलीचा बाक बदलून घेतला. हा रोग लागत नाही, तरी. तेव्हापासून माझी आई म्हणते, यापुढे कुठं बोलू नको, उद्या हिचं लग्न जमवायचंय.

गेल्या महिन्यात बिलं गोळा करताना सातव्या लायनीवरच्या एका घरी ती माउली म्हणाली, बाळाचा टायफॉईड उतरतच नाही हो, तिसऱ्यांदा निघाला. मी बिलबुक हातात धरून तसाच उभा राहिलो. डाग विचारले, पाय दुखतात का विचारलं, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायला सांगितली. देवाच्या दयेनं साधंच निघालं. पण मी त्या दारात नसतो तर तिला हे कुणी विचारलं असतं?

सप्टेंबर हा जगभर मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना असतो, सोनेरी फीत लावतात. मला आपल्या भागात काही करायचंय. पेपरात, केबलवर, जळगाव आकाशवाणीवर. कुणाला भेटायचं, काय लिहून द्यायचं? आणि पोरीचं नाव, फोटो द्यावा लागेल का? तिथंच माझं पाऊल अडतंय.

बातमीदार_चोपडा

भाऊ, मी तालुक्याची बातमीदारी करतो, म्हणून आतलं सांगतो.

‘जनजागृती’ हा शब्द प्रेसनोटच्या मथळ्यात असला की डेस्कवर ती सगळ्यात शेवटी उघडली जाते. फीत कापली, रॅली काढली, मान्यवर उपस्थित होते, अशा नोटा रोज पन्नास येतात. तुमची बातमी ती नाहीच. ‘दोनदा टायफॉईड निघाला, तिसऱ्यांदा कॅन्सर’ ही तुमची बातमी आहे. हे वाक्य वर ठेवा आणि लक्षणं त्याच्या खाली चौकटीत टाका. चौकट लोक कापून ठेवतात, मी स्वतः लोकांच्या फ्रीजवर चिकटवलेल्या पाहिल्यात.

सप्टेंबरात गणपती, मिरवणुका, पावसाची ओढ, पंचनामे. जिल्हा पानावर बोटभर जागा राहत नाही. अर्ध्या पानाची बातमी हवी असेल तर १५ फेब्रुवारी धरा, त्या दिवशी आंतरराष्ट्रीय बाल कर्करोग दिन असतो. आधी आठ दिवस मजकूर द्या. १९ च्या शिवजयंतीच्या जाहिराती सुरू झाल्या की पुन्हा जागा संपते. सप्टेंबरात फक्त चौकट द्या, दर आठवड्याला एकच लक्षण. लहान मजकूर कुठंही बसतो, पान लावणाऱ्याला तर तो हवाच असतो. संध्याकाळी सहाच्या आत पाठवा.

आता फोटोचं. खरं सांगतो, चेहऱ्याशिवाय बातमी मागं पडते, आम्हाला वरून विचारतात, ‘फोटो कुठाय?’ पण लेकराचा देऊ नका. आजारी मुलांचे फोटो मीही छापलेत. तेव्हा वाटायचं मदत मिळेल, आणि मिळालीही. पण इंटरनेटवर ती बातमी अजून आहे, नाव टाकलं की निघते. ते पोरगं आता कॉलेजला आहे.

त्या लॉजवाल्या पत्रकांबद्दल एक. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४ चा आहे आणि त्यात ज्या रोगांच्या इलाजाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत कॅन्सर आहे. खान्देशातल्या बाकीच्या एजंटांना हे सांगा. तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील, आमचं ऐकणार नाहीत.

काचपट्टी (धुळे)

मी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं. दादा, तुमचं वाचून हात थांबला.

आपल्याकडे ‘टायफॉईड निघाला’ म्हणतात ती बहुतेक वेळा विडाल टेस्ट असते. जिथं टायफॉईड नेहमीचाच, तिथं आधी कधी होऊन गेलेल्या माणसाचीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे विडालवरून तापाचं कारण समजलं असं धरून बसलं की खरं कारण मागं राहतं. तुमच्या चौकटीत एवढं येऊ द्या: ताप दोन आठवड्यांच्या वर गेला किंवा पुन्हा पुन्हा आला तर सीबीसी करा, आणि डॉक्टरांना ‘स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) पण बघायला सांगा’ म्हणा. सीबीसी साधी आणि स्वस्त तपासणी आहे, तालुक्याला होते. मशीन आकडे देतं, पण पेशी कशा दिसतात ते माणसालाच बघावं लागतं. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, वाळवायचा, लिशमनचा जांभळा रंग टाकायचा, धुवायचा, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरायचा. नेहमीच्या पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या ठेवणीच्या दिसतात. ब्लड कॅन्सरमध्ये एकसारख्या, मोठ्या, जवळजवळ पूर्ण जांभळ्या पेशींनी काच भरून जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रिपोर्टवरचं वय वाचलं, चार वर्षं. त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसरं, आणि हे कुणी छापत नाही. सांधे दुखतात, ताप आहे, म्हणून गावात स्टेरॉईडचं इंजेक्शन किंवा गोळी देऊन टाकतात. दोन दिवसांत पोर टुणटुणीत. पण ब्लड कॅन्सर असेल तर त्यानं रोग काही दिवस झाकला जातो, निदान लांबतं, आणि पुढचे उपचारही अवघड होऊ शकतात. म्हणून ‘कसली गोळी दिली?’ हे विचारायला आईबापांना सांगा.

बातमीदार भाऊंना आकडे लागतील, तर हे जागतिक आरोग्य संघटनेचे: जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्केसुद्धा नाहीत. आजार तोच. आपल्याकडे उशिरा कळतं, चुकीचं कळतं, औषध पुरत नाही, आणि पैसे संपले की उपचार मधेच सोडले जातात. २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचावीत हे ध्येय त्यांनी २०१८ मध्ये ठरवलंय.

घाबरवू मात्र नका. शंभर तापांतले जवळजवळ सगळे साधेच असतात. तुमच्या सातव्या लायनीवरचं बाळ साधं निघालं, तपासणी वाया गेली असं मानू नका. असंच निघत राहावं.

रावेरची_आई

मी कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या मुलाच्या डाव्या डोळ्यात कॅन्सर होता. दीड वर्षाचा असताना संध्याकाळी दिव्याकडे बघितलं की डोळ्यात पांढरं चमकायचं. सासूबाई म्हणायच्या, मांजरासारखा डोळा आहे, नशीब काढेल. दुसऱ्या वाढदिवसाला फोटोवाला बोलावला. अल्बम आला, फोटो छान होते. पुढे निदान झाल्यावर मी त्याच्याकडे मूळ फोटो मागायला गेले. त्यानं कॉम्प्युटर लावला आणि मला दाखवलं. फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत उजव्या डोळ्यात लाल ठिपका आणि डाव्यात पांढरा. फोटो खराब दिसतो म्हणून त्यानं प्रत्येक फोटोत बसून तो पांढरा ठिपका काळा केला होता. एकेक करून. चांगलं काम करावं म्हणूनच केलं होतं बिचाऱ्यानं. दाखवताना त्याचा हात थरथरत होता.

आम्ही त्या वाढदिवसानंतर पाच महिन्यांनी डॉक्टरकडे गेलो होतो, ते तिरळं दिसायला लागलं म्हणून. डोळा काढावा लागला. जीव वाचला. आता पहिलीत आहे, केळीच्या वखारीत दिवसभर क्रिकेट खेळतो, दुसरा डोळा चांगला आहे.

पेपरवाले भाऊ, पेपरच्या आधी फोटो स्टुडिओंकडे जा. बारसं, जावळ, वाढदिवस, आपल्या भागातल्या प्रत्येक बाळाचा चेहरा त्यांच्या स्क्रीनवर मोठा होऊन येतो. आई सुद्धा इतक्या जवळून बघत नाही. फ्लॅशमध्ये डोळा लाल आला तर ठीक. एक लाल आणि एक पांढरा आला तर पुसू नका, घरच्यांना दाखवा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवा. एवढं त्यांच्या भिंतीवर लावा.

आणि फोटोबद्दल. माझ्या मुलाचा फोटो मी देणार नाही. माझा देईन.

आशा_सातपुडा (धडगाव)

आमच्याकडे पेपर दुपारी येतो, तोही बाजारपेठेत. पाड्यावर पेपर नाही, मराठी पण अर्धीच. त्यामुळे चौकट आमच्या कामाची नाही दादा, राग मानू नका.

आमचं माध्यम म्हणजे आठवड्याचा बाजार आणि मोबाईलमधला आवाज. रेंज डोंगरावर चढल्यावर येते, पण एकाच्या मोबाईलात आलेलं गाणं किंवा आवाज संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यात फिरतं. पावरीत, आमच्या पाड्यावरच्या बोलीत, दोन मिनिटांचं बोलणं द्या, मी पसरवते. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा आख्खा सातपुडा खाली उतरतो. तिथं लाऊडस्पीकर लावा.

पोटातली गाठ पण सांगा. आया आंघोळ घालताना सांगतात, ‘एका बाजूला कडक लागतं’. ते जंत म्हणून सोडून देतात. आणि सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होणं. आमच्याकडे त्याला नजर म्हणतात, भगताकडे नेतात. भगताशी भांडून चालत नाही, मी त्यांनाच सांगून ठेवलंय की तुमचं झालं की माझ्याकडे पाठवा. दोघंजण पाठवतात आता.

शाळेत आणि अंगणवाडीत मुलं तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. त्या डॉक्टरांना आईनं स्वतःहून सांगायला हवं, रांगेत तेवढं बोलायचं धाडस होत नाही. ते बोलायला शिकवा.

पेपरवाला_बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण फिरत होतो.

आधी पोरीला विचारलं. इतकी वर्षं तिच्याबद्दल आम्ही मोठ्यांनीच ठरवलं होतं, बातमीपासून लग्नापर्यंत. ती गणित सोडवत होती. म्हणाली, ‘पप्पा, माझं नाव नको. पण तुमचं टाका ना, तुम्हाला तर सगळं गाव ओळखतं.’ आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. तुमच्यापैकी दोघांनी जे सांगितलं तेच तिनं सांगितलं. तर फोटो माझा जाणार, पहाटेचा, ओट्यावर गठ्ठ्यांसोबत. आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या फोटोसाठी सदरा इस्त्री करून ठेवलाय तिनं.

अमळनेरातल्या नऊ स्टुडिओंत जाऊन आलो. एकानं मला बसवून घेतलं, जुना अल्बम काढला, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला यात तसा कुणी नाही. त्याच्या भिंतीवर कागद लागलाय. बाकीच्यांकडे पुढच्या आठवड्यात लागेल. रावेरच्या ताई, तुमची गोष्ट मी नाव-गाव न सांगता सांगतोय, चालेल ना? नको असेल तर थांबवतो.

दर रविवारी पत्रक पेपरात घालायचंय. माझ्या सात लायनींत मी घालतोच. पारोळा, धरणगाव आणि चोपड्याचे एजंट फुकट घालायला तयार झालेत, छपाई आम्ही चौघं वाटून घेतोय. १९५४ च्या कायद्याचं ऐकून एकानं लॉजवाल्या पत्रकांचा गठ्ठा परत केला. नगरपरिषदेत अर्ज दिलाय, घंटागाडीच्या स्पीकरवर लावण्यासाठी. आकाशवाणीलाही पत्र गेलंय.

घंटागाडीसाठी मराठी नको, अहिराणी हवी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. हे लिहिलंय, चुका सांगा:

‘पोरले पंधरा दिन व्हयनात, ताप उतरस नही. आंग पांढरं पडी गय. मार लागना नही तरी निळा डाग दखातस. रातले हाडं दुखतस. डोळा मांजरनागत धवळा चमकस. पोटम्हा नहीते मानम्हा गाठ लागस. मंग वाट दखू नका. रगत तपासा, डॉक्टरले दखाडा. हाऊ रोग लागस नही. हाऊ रोग बरा व्हस, पन येळवर दखाडा.’

पत्रकाच्या मागच्या बाजूला खर्चाचं टाकतोय, कारण माणूस तिथंच खचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म लागतो. परळला राहायला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, मुलांसाठी सेंट ज्यूड. हे मला पहिल्या रात्री कुणी कागदावर लिहून दिलं असतं तर पोरगी चार रात्री फुटपाथवर झोपली नसती.

काचपट्टी दादा, स्टेरॉईडचं वाक्य दोन ओळींत, कुठल्या डॉक्टरला टोचणार नाही असं लिहून द्याल का? मी लिहिलं की राग उतरतो त्यात.

धडगावच्या ताई, पावरीत बोलायला बाईचा आवाज हवा की पुरुषाचा? आणि पाड्यावर कोणाचं ऐकतात, तेही सांगा. मी मोबाईल घेऊन येतो, पेपर वाटून झाले की सातच्या गाडीनं निघतो.